श्वानशोकाची भाषा

शोककाव्याचा विचार करताना समीक्षा सामान्यतः दोन गोष्टी गृहीत धरून चालते. शोकाचा विषय मनुष्य असतो, ही एक. आणि शोकाचे प्रमाण मृताच्या योग्यतेशी कोठेतरी जुळले पाहिजे, ही दुसरी. कुत्र्याच्या मृत्यूवर लिहिलेली रचना समोर आली म्हणजे ही दोन्ही गृहीते एकाच वेळी डळमळतात. मग समीक्षकापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर ती रचना विडंबन म्हणून स्वीकारायची आणि तिच्या चातुर्याचे कौतुक करायचे, नाही तर ती भावविवश ठरवून बाजूला सारायची. ती खरोखरच शोकाची रचना आहे, तिच्यामागे एक रिकामे झालेले घर आहे, आणि त्या रिकामेपणाला शब्द कसे द्यावेत या अडचणीतून तिची भाषा घडली आहे, हा तिसरा पर्याय क्वचितच विचारात घेतला जातो.

ही अडचण मूलतः भाषेची आहे. माणूस गेला म्हणजे काय बोलावे, काय लिहावे, किती दिवस काय पाळावे हे समाजाने ठरवून दिलेले असते. कुत्रा गेला म्हणजे असे काहीच हाताशी नसते. सुतक नाही, दहावा नाही, समाचाराला येणारी माणसे नाहीत. समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यता देत नाही, अशा दुःखाला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये एका स्वतंत्र संज्ञेखाली आणले. अधिकार नाकारलेला शोक, असा तिचा आशय सांगता येईल. परंतु ज्याला संज्ञा १९८९ मध्ये मिळाली, त्याची कागदपत्रे फार जुनी आहेत. काही तर संगमरवरावर कोरलेली आहेत. त्या कागदपत्रांची भाषा कशी चालते, विशेषतः त्यांतील क्रियापदांचे काळ, पुरुष आणि संबोधन काय सांगतात, एवढाच येथे प्रश्न आहे.

आरंभ रोमन समाधिलेखांपासून करणे सोयीचे आहे. दक्षिण इटलीतील सालेर्नो येथे मिळालेला एक लॅटिन पद्यलेख एका लहान कुत्रीचा आहे. तिचे नाव लेखात फक्त संबोधनातच येते: पात्रिके. लेखाचा पहिलाच विचार असा आहे की, अश्रूंनी भिजलेल्या मालकाने तिला उचलून नेले. आणि तीच कृती त्याने तीन लुस्त्रुम, म्हणजे पंधरा वर्षे, आधी केली होती, त्या वेळी मात्र आनंदाने. पिल्लू म्हणून घरी आणताना जे हात होते तेच पुरायला नेताना आहेत. या दोन फेऱ्यांसाठी कवीने दोन निराळी वर्णने योजलेली नाहीत. एकच कृती सांगितली आहे आणि फरक केवळ काळाचा व चित्तवृत्तीचा ठेवला आहे. पंधरा वर्षांचे सहजीवन दोन ओळींच्या मधल्या पोकळीत जाऊन बसते. थोडक्या साधनांत एवढे साधणारी सुरुवात मोठ्या कवींच्या शोकगीतांतही सहज आढळत नाही.

पुढे लेख म्हणतो की, आता ती त्याला हजार मुके देणार नाही आणि त्याच्या मानेशी बिलगून झोपणार नाही. लॅटिनच्या वाचकाला येथे कातुल्लुस आठवल्यावाचून राहत नाही. हजार मुक्यांचा हिशेब हा त्या कवीच्या प्रेमकवितेचा ठसाच आहे. येथेच विडंबनवादी समीक्षकाचे फावते. प्रेयसीसाठी घडलेला शब्द कुत्रीला लावला, तेव्हा लेखकाचा हेतू विनोदाचाच असला पाहिजे, असे तो म्हणतो. त्याच्या बाजूने पुरावाही आहे. कातुल्लुसने स्वतः प्रेयसीच्या चिमणीवर शोकगीत लिहिले, ओव्हिडने पोपटावर लिहिले, पुढे स्टेशियसनेही पोपटावरच लिहिले. आणि या सर्वांत खेळकरपणा उघड आहे. आजच्या फ्रान्समधील ओश येथे मिया नावाच्या कुत्रीचा लेख सापडला. मिया म्हणजे ग्रीक भाषेत माशी, यावरून तिच्या आकाराची कल्पना यावी. त्या लेखाचे वृत्त आणि हळहळीचे शब्द थेट कातुल्लुसच्या चिमणीकडून घेतलेले आहेत. मालकिणीच्या शेजारी दुसरे कोणी आले की ही मिया मत्सराने भुंकत असे, असेही त्यात आहे. मियाच्या लेखात हसू आहे, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु शब्द उसना घेतला एवढ्यावरून भावनाही उसनी ठरत नाही. ज्याच्या घरी स्वतःची भांडी नाहीत त्याने शेजारून पातेले आणले, तरी त्यात शिजणारा भात त्याचाच असतो. पात्रिकेच्या मालकापुढे कुत्रीच्या शोकाचा प्रस्थापित घाट नव्हता. त्याच्याजवळ होते ते प्रेमकवितेचे शब्द आणि माणसाच्या समाधिलेखाचे शब्द. त्याने दोन्ही घेतले. ते पुरेसे पडत नाहीत असे दिसताच त्याने तिसरी गोष्ट केली, आणि ती महत्त्वाची आहे. तो तिच्या सवयी सांगू लागला. ती मेजापाशी येत असे, मांडीवर बसून लाडाने खाऊ मागत असे, त्याने हातात धरलेला पेला जिभेने चाटत असे, आणि दमून आलेल्या मालकाचे शेपूट हलवून स्वागत करीत असे. या तपशिलांतील बहुतेक गोष्टी कातुल्लुसकडून घेता येण्यासारख्या नाहीत. त्या एकाच घरात, एकाच मेजाशी घडलेल्या आहेत.

श्वानशोकाच्या व्याकरणाचे मर्म येथे हाती लागते. मनुष्याचा समाधिलेख कृत्ये सांगतो: अमुक पद भूषविले, अमुक युद्ध जिंकले, अमुक वास्तू बांधली. त्याचे क्रियापद पूर्ण भूतकाळात असते. कुत्र्याच्या आयुष्यात या अर्थाने कृत्य घडतच नाही. त्याचे सारे आयुष्य म्हणजे रोज त्याच वेळी तीच गोष्ट करणे. त्यामुळे त्याच्याविषयीचा खरा शोक हटकून रीतिभूतकाळाकडे वळतो. मराठीत या काळाची दोन रूपे आहेत. ‘येई, बसे, धावे’ हे ग्रंथातले आणि ‘यायचा, बसायचा, धावायचा’ हे बोलण्यातले. कुत्रा गेलेल्या घरात दोन दिवस बसून कान दिला, तर या दुसऱ्या रूपाची क्रियापदे किती येतात हे कोणालाही मोजता येईल. पूर्ण भूतकाळ एकदा घडलेली गोष्ट मिटवून ठेवतो. रीतिभूतकाळ मात्र ती गोष्ट उद्याही घडेल असे वाटायला लावणारी सवय जागी करतो, आणि मग तिच्याभोवती ‘आता नाही’ असे कुंपण घालतो.

मार्गारीता या कुत्रीचा लेख रोम येथील आहे, सुमारे दुसऱ्या शतकातला. तो सध्या लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. मार्गारीता म्हणजे मोती. (आपल्याकडे गावोगाव कुत्र्याचे नाव मोती असते. दोन भाषांचा काडीमात्र संबंध नसताना दोन समाजांनी कुत्र्यासाठी एकच नाव निवडावे, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.) बारा ओळींच्या या लेखात कुत्री स्वतःच बोलते. आपण गॉलमध्ये जन्मलो, समृद्ध सागराच्या शिंपल्याने आपल्याला नाव दिले, असा प्रारंभ आहे. व्हर्जिलच्या समाधीवरील म्हणून परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या द्विपदीची वाक्यरचना येथे उघडपणे उचललेली आहे. थोर कवीच्या पोशाखात कुत्री उभी केली, हे पाहून हसू येते. आणि ते येणे लेखकाला अपेक्षितही असावे. पुढे रानात निर्भयपणे धावणे आणि डोंगरात केसाळ श्वापदांचा पाठलाग करणे येते. जड साखळी कधी माहीत नव्हती, गोऱ्यापान अंगावर कधी मार बसला नाही, धन्याच्या आणि धनिणीच्या मऊ मांडीवर आपण पडून असू, दमल्यावर अंथरलेल्या शय्येवर विसावणे आपल्याला ठाऊक होते, असे ती सांगत जाते. मध्यभागी पुन्हा रीतिभूतकाळच आहे.

या लेखातील एक विधान मात्र भाषाभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. कुत्र्याच्या मुक्या तोंडाने आपण परवानगी होती त्याहून अधिक बोलत असू, असे मार्गारीता म्हणते. सरळ अर्थ असा की, ती लाडावलेली होती आणि फार भुंके. लगोलग तिच्या भुंकण्याला कोणी भीत नसे असेही ती सांगते. पण हे वाक्य उच्चारणारी कुत्री त्या क्षणी सहा लॅटिन द्विपदी बोलते आहे. मुक्या तोंडाला जेवढे बोलण्याची मुभा आहे त्याहून अधिक बोलणे, हे तिच्या जिवंतपणीच्या भुंकण्याचे वर्णन आहे आणि या लेखाचेही आहे. लेखकाला आपल्या उपक्रमाची अमर्यादा पूर्ण माहीत आहे. कुत्रीला वाचा देणे हे प्रमाण सोडून आहे हे त्याने स्वतःच कबूल केले, आणि कबूल करून ते केले. जो विनोद वाचकाला सुचणार तो आधीच स्वतः करून ठेवणे ही शोकाची जुनी संरक्षणरीती आहे. शेवट मात्र विनोदाचा नाही. ती विताना मेली. ‘मी मृत्यूला सामोरी गेले’ या अर्थाचे क्रियापद प्रथमपुरुषी आहे; आणि त्याच्या लगेच पुढची ओळ ‘जिला आता या लहानशा संगमरवराखाली भूमी झाकते’ अशा संबंधी सर्वनामाने चालते. शेवटच्या ओळीत ‘मी’ उरलेला नाही. वाचा दिली होती ती व्याकरणातच काढून घेतली आहे. त्यानंतर एकटे नाव: मार्गारीता.

या दोन निनावी लेखांच्या शेजारी बायरनची प्रसिद्ध रचना ठेवली म्हणजे कीर्ती आणि गुण यांचे नाते किती सैल असते ते दिसते. बायरनचा बोट्स्वेन हा न्यू फाउंडलंड जातीचा कुत्रा नोव्हेंबर १८०८ मध्ये पिसाळून मेला. न्यूस्टेड अॅबीच्या उद्यानात त्याचे भव्य स्मारक बायरनने उभारले. १८११ च्या मृत्युपत्रात आपल्यालाही त्याच्याच शेजारी पुरावे अशी इच्छा त्याने नमूद केली. पण १८१७ मध्ये ती मिळकत विकली गेली आणि ते घडले नाही. स्मारकावर एक गद्य उतारा आहे आणि एक कविता. उतारा बायरनचा मित्र हॉबहाउस याने लिहिला. कुत्र्यात सौंदर्य होते पण गर्व नव्हता, बळ होते पण उद्दामपणा नव्हता, मनुष्याचे सारे गुण होते आणि अवगुण नव्हते, या चालीची ती विरोधी जोड्यांची माळ आहे. कविता बायरनची.

शोक खरा होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जो मनुष्य कुत्र्याशेजारी पुरला जाऊ इच्छितो त्याच्या प्रेमाची उलटतपासणी करणे अशोभनीय होईल. परंतु कविता कुत्र्याची नाही. कुत्र्याचे नाव गद्यात आहे, कवितेत नाही. कवितेतील श्वान वर्तमानकाळात वावरतो: तो प्रथम स्वागत करतो, धन्यासाठी झटतो, लढतो, जगतो. हा सामान्य वर्तमानकाळ आहे, ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ या वाक्यातला. त्यात कुत्रा ही जात आहे, बोट्स्वेन नाही. आणि ही जातही थोड्याच ओळी टिकते. उरलेल्या कवितेचा रोख मनुष्यजातीवर आहे: तिची लबाडी, तिची ढोंगी मैत्री, तिच्या थडग्यांवरची खोटी स्तुती. संबोधनही मृत कुत्र्याला नसून वाटसरूला आहे. पात्रिकेचा मालक कुत्रीशी बोलतो, बायरन जगाशी भांडतो. श्वानशोकाला समाजात जागा नाही या जाणिवेने पात्रिकेच्या मालकाला तिच्याजवळ नेले, बायरनला समाजावर धावून जायला लावले. दोन्ही प्रतिक्रिया मानवी आहेत. पण दुसरीत कुत्रा साधन होऊन बसतो, आणि न्यूस्टेडच्या त्या मोठ्या दगडावर बोट्स्वेन कसा बसायचा, कशाला घाबरायचा, कोणत्या दाराशी वाट पाहायचा याचा एकही कण सापडत नाही.

याउलट मॅथ्यू अर्नोल्डच्या १८८१ मधील गाइस्ट या कुत्र्यावरील कवितेत असे कण आहेत. खिडकीशी त्याचे उभे राहणे, जिन्यावरची खडबड, रिकामी खुर्ची, रुंद तपकिरी पंजे. हा कुत्रा चारच वर्षे जगला, आणि कविता त्या चार या संख्येशी झगडत राहते. अर्नोल्ड त्याच्याशी एकवचनी जुन्या ‘तू’ने बोलतो. इंग्रजीच्या व्यवहारातून हा ‘तू’ केव्हाच गेलेला होता; तो प्रार्थनेत आणि काव्यात उरला होता. त्यामुळे एकाच सर्वनामात जवळीकही साधते आणि गांभीर्यही. कवितेत अर्नोल्ड व्हर्जिलला बोलावतो आणि मर्त्य वस्तुमात्रातील अश्रू कुत्र्याच्या डोळ्यांत पाहतो. तेथे मात्र कविता वर्गात शिरल्यासारखी होते. व्हर्जिलची साक्ष काढल्यावाचून कुत्र्यासाठी रडता येत नाही, ही विद्वानाची अडचण तिथे जाणवते. तिच्यावर हसणारा वाचक बहुधा स्वतः विद्वान नसेल. शेवटी होली आणि बीच या झाडांच्या मधोमध, हाताच्या अंतरावर, ऊबदार गवतात त्याला पुरल्याचे येते, आणि पुढे कधी बागेतून जाणारे लोक दगडापाशी थांबून त्याच्याविषयी बोलतील अशी कल्पना येते. जागा नेमकी सांगण्याचा हा सोस शोकाचाच आहे.

मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची १९०९ मधील या विषयावरील कविता सर्वांत अधिक उद्धृत होत असावी. ती विलाप करीत नाही, बजावते. कुत्र्याला हृदय देऊ नका, असे ती बंधुभगिनींना सांगते. कारण प्रेम दिलेले नसते, कर्जाऊ असते, आणि व्याज चक्रवाढ. सावकारीची ही भाषा प्रभावी आहे, पण शेवटी ती सूत्र बनते. चौदा वर्षांच्या आयुर्मानाचा हिशेब ती मांडते. हिशेबात एकटा कुत्रा राहत नाही. यूजीन ओनीलने डिसेंबर १९४० मध्ये आपल्या ब्लेमी या डाल्मेशियन कुत्र्याचे मृत्युपत्र लिहिले. त्यात कुत्रा पुन्हा प्रथमपुरुषी बोलतो आणि आपल्या पश्चात दुसरा कुत्रा आणा, असे धन्याला व धनिणीला सांगतो. मार्गारीतानंतर सुमारे अठराशे वर्षांनी पुन्हा तीच युक्ती योजली गेली, हे साधे नव्हे. घरातल्यांना दुसरा कुत्रा आणणे हा विश्वासघात वाटतो. त्याची परवानगी देण्याचा अधिकार एकाच प्राण्याला असतो आणि त्याला बोलता येत नाही. म्हणून त्याच्या तोंडून ती लिहून घ्यावी लागते.

होमरच्या आर्गोसचा निर्देश येथे टाळता येणार नाही, जरी तो शोकगीताचा भाग नाही. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात वीस वर्षांनी परतलेला ओडिस्यूस भिकाऱ्याच्या वेषात आपल्या दाराशी येतो. शेणाच्या ढिगावर पडलेला म्हातारा आर्गोस त्याला ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो. जवळ येण्याचे बळ त्याच्यात नाही. ओडिस्यूस दुसरीकडे पाहून अश्रू पुसतो, सोबतच्या युमेअसला दिसू नये अशा बेताने. मग तो कुत्र्याविषयी एखाद्या परक्यासारखी चौकशी करतो. आर्गोस हे नाव निवेदक घेतो, ओडिस्यूसच्या तोंडी ते एकदाही येत नाही. वेषांतर उघडे पडू नये हे कथानकाचे कारण स्पष्ट आहे. पण कुत्र्यासाठी आलेला अश्रू लपवणे आणि नाव न उच्चारता ‘हा कुत्रा’ असे बोलणे, हे वेषांतर न केलेल्या असंख्य माणसांनाही करावे लागते. म्हणून तो प्रसंग कथानकाबाहेरही खरा वाटतो.

भारतीय परंपरेकडे वळताच चित्र बदलते. येथे कुत्रा आहे, पण त्याच्यासाठी विलाप जवळजवळ नाही. ऋग्वेदात सरमा ही देवांची दूती पणींशी संवाद करते, आणि यमाचे चार डोळ्यांचे दोन श्वान परलोकाच्या वाटेवर असतात. मृत्यूच्या मार्गावरचा रखवालदार असा हा प्राणी स्वतः मरतो, हे जणू लक्षातच घेतलेले नाही. महाभारताची कथा सरमेच्या पिल्लाला जनमेजयाच्या भावांनी केलेल्या मारहाणीपाशी एकदा उघडते आणि महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाच्या मागून चालणाऱ्या कुत्र्यापाशी मिटत जाते. त्या कुत्र्याला नाव नाही. त्याच्या सवयी सांगितलेल्या नाहीत. तो मरतही नाही, धर्मच होऊन प्रकटतो. युधिष्ठिर त्याला सोडीत नाही तो प्रेमाच्या भाषेत नव्हे, कर्तव्याच्या भाषेत: हा भक्त आहे, भक्ताचा त्याग हे महापाप आहे. बांधवांना आणि द्रौपदीला वाटेत सोडलेस, मग याला का नाही, असे इंद्र विचारतो तेव्हा युधिष्ठिराचे उत्तर कठोर आहे. ते मेले होते. मेलेल्यांशी मैत्रीही नाही आणि वैरही नाही. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. या उत्तरात जिवंत कुत्र्याला स्वर्गाहून मोठी जागा आहे, पण मेलेल्या कुत्र्याला नाही. सालेर्नोचा तो मालक मृत पात्रिकेला ‘तू’ म्हणून हाक मारतो आणि आपल्या पितरछायेशी तिला कायमचे जोडून घेतो. मेलेल्याशी व्यवहार नाही हे महाकाव्याचे तत्त्व; त्या मालकाचा सारा लेखच असा व्यवहार आहे.

आतकूर येथील कन्नड शिलालेख या दोहोंहून वेगळा. तो इ. स. ९४९–५० चा, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला आहे. आणि राष्ट्रकूटांचे राज्य मराठी मुलखावरही होते, तेव्हा तो अगदी परका नाही. तक्कोलमच्या युद्धात पराक्रम केलेल्या मनलेर या वीराला गंग राजा बुतुग प्रसन्न होऊन काय हवे ते विचारतो. मनलेर काळी नावाचा शिकारी कुत्रा मागतो. पुढे तो कुत्रा एका मोठ्या रानडुकराशी झुंजतो आणि दोघेही मरतात. त्याचा वीरगळ चल्लेश्वराच्या देवळासमोर उभारला गेला. दगडावर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. त्याच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली आणि तेथील गोरवाने दगडाची पूजा केल्यावाचून जेवल्यास त्याला पाप लागेल असे बजावले. (गोरव या शब्दाचे मराठी ‘गुरव’शी नाते लावले जाते.) या लेखात रीतिभूतकाळ नाही. आहे ते एकच पूर्ण झालेले कृत्य, कारण वीरगळाच्या घाटात कृत्यालाच जागा असते. मनलेरला दुःख झाले असेही कोठे लिहिलेले नाही. पण दुःख शब्दांत न सांगता त्याने एका माणसाच्या रोजच्या जेवणाआड तो दगड आणून ठेवला. पात्रिकेच्या मालकाने सवयी आठवल्या, मनलेरने एक नवी सवय लावून दिली. हा दगड आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे.

रायगडावरील वाघ्याच्या समाधीची गोष्ट निराळ्या कारणाने उपयोगाची आहे. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतलेल्या कुत्र्याच्या आख्यायिकेला समकालीन आधार मिळत नाही, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. सध्याचे स्मारक विसाव्या शतकातले आहे आणि त्यावरून मोठा वादही झाला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, मराठी मनाने जे श्वानस्मारक डोक्यावर घेतले त्यात शोक करणारा कुत्रा आहे आणि गेलेला धनी आहे. टोकियोच्या शिबुया स्थानकावरील हाचिकोचेही तसेच. मालक १९२५ मध्ये गेला, कुत्रा १९३५ पर्यंत वाट पाहत राहिला. धन्यासाठी कुत्र्याने मरावे किंवा झुरावे, याला आख्यान आहे, पुतळा आहे. कुत्र्यासाठी धन्याने झुरावे, याला मात्र लाज आहे.

मराठी भाषेचा कोशही या लाजेला साक्ष देतो. नीचतम मरणाचे माप म्हणून मराठीने कुत्र्याचेच मरण निवडले आहे: कुत्र्याच्या मौतीने मरणे. ज्या भाषेत हा वाक्प्रचार आहे, त्या भाषेत प्रत्यक्ष कुत्र्याच्या मरणाविषयी आदराने काय बोलावे? ‘वारला’, ‘निवर्तला’, ‘कैलासवासी झाला’ ही क्रियापदे माणसांसाठी राखीव आहेत. कुत्र्यासाठी योजली तर ऐकणारा हसेल. ‘मेला’ हे कुत्र्याचे क्रियापद, पण ते मालकाच्या ओठांवर येत नाही. ‘दगावला’ हे गुराढोरांना आणि आजारी माणसांना सारखेच लागते. त्यात नुकसानीचा हिशेब डोकावतो. म्हणून बहुतेक जण ‘गेला’ म्हणतात. हे क्रियापद माणसालाही चालते आणि जनावरालाही, आणि त्याची दुसरी सोय अशी की, ते नुसते निघून जाण्याचेही आहे. ‘आमचा राजा गेला’ असे वाक्य ऐकणाऱ्याने क्षणभर गोंधळून ‘कोण राजा?’ असे विचारावे, आणि सांगणाऱ्याने थोडे थांबून, किंचित ओशाळून, ‘कुत्रा’ म्हणावे. त्या थांबण्यात ओडिस्यूसचा तो लपवलेला अश्रू आहे.

लिंगव्यवस्थेत मात्र मराठीने एक दार उघडे ठेवले आहे. ‘ते कुत्रे’ हे नपुंसकलिंगी रूप रस्त्यावरच्या, अनोळखी, बहुधा तिरस्काराच्या प्राण्याचे. घरात आले, नाव मिळाले की ते ‘तो’ किंवा ‘ती’ होते. एखादे कुत्रे घरचे झाले हे कळायला दुसरी खूण लागत नाही. सर्वनाम बदलले की झाले. पण मराठीचे नपुंसकलिंग केवळ तुच्छतेचे नाही. लेकरू, बाळ, पोर, पिल्लू, पाखरू हीही नपुंसकलिंगीच; मायेच्या नामांची मोठी रांग त्याच लिंगात आहे. म्हणून कुत्रा गेल्यावर घरातली वडीलधारी बाई ‘गुणी लेकरू होतं गं’ असे म्हणते, तेव्हा तो प्राणी पुन्हा नपुंसकलिंगात आलेला असतो. मात्र ज्या नपुंसकातून तो आला होता त्यात तो परतलेला नसतो. ‘ते कुत्रे’, मग ‘तो मोती’, मग ‘ते लेकरू’ अशी ही तीन पायऱ्यांची वाट आहे. लॅटिनलाही नपुंसकलिंग होते, पण ‘कुत्री’ या अर्थाचा तिचा लाडका शब्द स्त्रीलिंगीच राहिला. इंग्रजीत ‘इट’वरून ‘ही’वर येता येते, तेथून मायेने पुन्हा ‘इट’वर उतरता येत नाही.

ही वाट मराठी बोलण्यात रोज वापरली जाते. मराठी लेखनात, विशेषतः काव्यात, ती फारशी चालली गेलेली नाही. बोलण्यातला ‘यायचा, बसायचा’ हा काळ आणि ‘लेकरू’चे हे लिंग, ही दोन साधने हाताशी असता मराठी कवी या विषयाकडे वळला तर त्याला कातुल्लुसकडून हजार मुके आणण्याची गरज पडणार नाही. अंगणात पेरूच्या झाडाखाली एक खड्डा बुजवलेला असतो, त्यावर एक दगड ठेवलेला असतो. दगडावर काही लिहिण्याची चाल मात्र आपल्याकडे नाही.